आता रागवायचं नाही म्हणे

...आणि आता रागवायचंही नाही म्हणे. मी सर्जरीचा विभागप्रमुख, केस पांढरे झाले या वॉर्डात, आणि मीटिंगमध्ये मला सांगतात, निवासी डॉक्टरांशी सौम्य बोला. आमचे सर केसपेपर तोंडावर फेकायचे, आम्ही तो उचलून वर 'सॉरी सर' म्हणायचो... शिकलोच ना?

तुम्हाला सांगतो काय झालं. यंदाचा दुष्काळ बघताय, इकडं शहर वाढत वाढत पार शेंद्र्याच्या कारखान्यांना जाऊन टेकलं, टॉवरवर टॉवर, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. खेड्यात तर तेही नाही. वैजापूरकडची गोजरबाई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं कळशी भरत होती, वरनं दगड सुटला, डोक्यात बसला. आमच्या स्वरालीनं, म्हणजे माझ्या निवासी डॉक्टरनं, सकाळपासून धडपड केली, दुपारी बाई गेली. आता नवऱ्याला, कचरूला, सांगायचं. आम्ही कसं सांगायचो? "प्रयत्न केले, वाचल्या नाहीत," की निघालो पुढच्या बेडकडं. ही पोरगी त्या कचरूशेजारी फरशीवर बसली आणि त्याच्याबरोबर रडायलाच लागली... गळ्यात स्टेथोस्कोप, अख्खा वॉर्ड बघतोय.

केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, "स्वराली, डॉक्टर असा रडतो का?" तर म्हणते, "सर, मला उद्यापासून सुट्टी हवीय. झोपच लागत नाही." सुट्टी? आम्ही अंगात ताप घेऊन ड्यूट्या केल्या... पण रागवायचं नाही ना. दिली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरचे पुंडलिकराव गेले. बायको मनकर्णाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसलेली. मी उभ्याउभ्या माझी दोन वाक्यं म्हटली. ती म्हणाली, "कालची पोरगी कुठंय? ती बसली व्हती कचरूपाशी."

म्हटलं, सुट्टीवर आहे.

"मंग तुमी बसा."

बसा म्हणते, मला. आता हिच्यावर रागवणार कोण? बसलो. रडू काही आलं नाही, नुसताच बसलो. ती सांगत राहिली, यांना चहा बशीतच लागायचा, कपानं जीभ भाजती म्हणायचे, लई हट्टी... मी हं हं करत राहिलो, राउंड तसाच पडला. मग उठायला गेलो तर गुडघे धरलेले, काही केल्या उठता येईना. शेवटी तिनंच पदरानं डोळे पुसले, उभी राहिली, हात पुढं केला, "धरा, डाक्टर."

नवरा नुकता गेलेली बाई मला उठवतेय, आणि अख्खा वॉर्ड बघतोय... अन् तुम्हाला सांगतो, पोरीच्या सुट्टीचा तो पहिलाच दिवस, म्हणजे पुढच्या वेळीही बसायचं मलाच.