मार्तंडबुवांचा एक्केचाळिसावा पाठ

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पूर्वरंगात दानावरचं निरूपण ऐकलंत, माना डोलावल्यात, मलाही बरं वाटलं. आता कथेला उभं राहताना एक प्रश्न विचारतो. मला जे हवं होतं ते मिळालं, पुरतं मिळालं. त्यानंतर मी माझं दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं? मिळेपर्यंत दुसऱ्याच्या दारात उभं राहणं सगळ्यांना जमतं हो. पण मिळाल्यावर काय?

उत्तर मी देणार नाही. बार्शीच्या मार्तंडबुवा पांचाळांच्या घरी जे घडलं ते सांगतो, तुम्हीच ठरवा. यात देव नाहीत, ऋषी नाहीत. संगणक आहे! मागच्या आजी, उठू नका. तुम्हाला सगळ्यांत आधी कळेल.

तर मंडळी, ऐका. मार्तंडबुवा पेट्या बांधायचे. कीर्तनाला, भजनाला असते ना, तीच पेटी. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पण कान असा, की पेटी दुरून वाजली तरी सांगायचे, पंचम चढलाय. लांबलांबून पेट्या यायच्या. आणि त्यांनी आठ शिष्य तयार केले, आठहीजण अंध. कुणी धुळ्याचा, कुणी अकोल्याचा, कुणी अलिबागचा. शिकून आपापल्या गावी गेले, दुकानं थाटली.

बुवांची मुलगी रत्नप्रभा, शाळेत शिक्षिका. तिनं एक मोठं काम केलं. चार वर्षं रोज संध्याकाळी वडिलांसमोर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाली, आबा, तुम्हाला येतं ते सगळं बोला. लाकूड कसं निवडायचं, भाता कसा चिकटवायचा, सूर कसा लावायचा. त्रेसष्ट पाठ झाले. नुसतं बोलणं नाही, कानशीचा आवाज, सुराचा आवाज, सगळं त्यात. आणि त्रेसष्टावा पाठ झाल्यावर तीन महिन्यांत बुवांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द म्हणून निघत नाही.

आता सांगा, त्या त्रेसष्ट पाठांची किंमत काय झाली असेल?

लातूरचा निजाम मुलाणी हा बुवांचा शिष्य. संगणकात हुशार. अंधांचा संगणक पडद्यावरचं वाचून दाखवतो, तो ऐकत हा भराभरा काम करतो. रत्नप्रभानं त्याला फोन केला, म्हणाली आठ पेनड्राइव्ह भरून पाठवते. तो म्हणाला, ताई, दोन वर्षांत त्यातले पाच हरवतील आणि उरलेले तीन कुठं आहेत ते कुणाला आठवणार नाही. आपण असं करू, की एकाचं गेलं तर दुसऱ्याकडून मिळेल. तुमच्या संगणकावरून आमच्या संगणकांवर, आणि आमच्यातून आमच्यात. मध्ये कुणी मोठा साठेवाला नको.

हे कसं होतं? इथं प्रसाद वाटायचाय आणि वाढणारा एकच आहे असं समजा. तुम्ही सगळे रांगेत. शेवटच्या माणसापर्यंत येईतो आरतीची वेळ टळेल. त्यापेक्षा पहिल्या चार जणांच्या हातात चार पदार्थ दिले. तू शिरा, तू केळं, तू खोबरं, तू पंचामृत. ज्याच्या हातात जे आहे ते त्यानं शेजाऱ्याला द्यायचं आणि नाही ते शेजाऱ्याकडून घ्यायचं. बघता बघता सगळ्यांच्या हातात सगळं! आणि इथं गंमत अशी, की दिलं तरी आपल्या हातातलं कमी होत नाही. नक्कल जाते, आपलं आपल्यापाशी राहतं.

निजामनं फोनवरून तिला एकेक पायरी शिकवली. एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला. म्हणाला, पाठांचा फोल्डर वेगळा करा आणि तेवढाच वाटायला ठेवा, अख्खा संगणक उघडा टाकू नका. मग त्या प्रोग्रामनं एक चिमुकली फाइल बनवली, टॉरेंट म्हणतात तिला. त्यात बुवांचा आवाज नाही. पाठांचे तुकडे किती आणि प्रत्येकाची खूण काय, एवढंच त्यात लिहिलेलं. खूण जुळली नाही तर तुकडा घ्यायचा नाही, म्हणजे कुणी भलतंसलतं घुसडू शकत नाही. ती फाइल आठही जणांना पाठवली. त्यांनी उघडली. आणि सगळे आपापल्या गावी कान लावून बसले.

शून्य टक्के. तासाभरानं पुन्हा ऐकलं. शून्य टक्के.

रत्नप्रभा घाबरली. निजामनं विचारलं, ताई, प्रोग्राम पहिल्यांदा सुरू केलात तेव्हा संगणकानं काही विचारलं होतं का? ती म्हणाली, हो, बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं का असं विचारलं, मी नाही म्हटलं. निजाम हसायला लागला. म्हणाला, म्हणजे पंगत मांडून तुम्ही दाराला कडी घातलीत.

कडी काढली. पहिला टक्का लागला.

इथं जरा थांबतो, कारण पुढच्या रांगेतले दोघे-तिघे आत्ताच खूश झालेले दिसतात. काल आलेला सिनेमा ज्यांनी अशाच वाटेनं फुकट बघितला, त्यांच्याकडे मी बघत नाही. पण घरी जाऊन एवढं स्वतःला विचारा, तो कुणाचा होता आणि त्याला विचारलं होतं का? रत्नप्रभानं जे वाटलं ते तिच्या बापाचं होतं, त्यांच्या देखत, त्यांच्या मानेच्या होकारानं वाटलं. वाट तीच हो. चालणाऱ्यात फरक आहे.

असो. बार्शीची लाइन संथ. पाठ मोठे. एक दिवस गेला, दोन गेले. निजामचा संगणक यादी वाचायचा. धुळे एक्केचाळीस टक्के, अकोला अडतीस, अलिबाग चव्वेचाळीस. आणि पुणे ब्याऐंशी! पुण्याला होता भानुदास कोळपे. बुवांचा सगळ्यांत तयार शिष्य. त्याची लाइन वेगवान, म्हणून त्याच्याकडे भराभर जात होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादीत ऐकू आलं, पुणे शंभर. निजाम म्हणाला, वा, आता ताईंबरोबर भानुदासही सगळ्यांना पुरवेल.

पाच मिनिटांनी यादी पुन्हा ऐकली. पुणे नाहीच. त्यानं संगणक बंद केला होता.

निजामला वाटलं, वीज गेली असेल. येईल परत.

चौथा दिवस. आश्विन महिना, भर दुपार. बार्शीवर आभाळ आलं आणि रत्नप्रभाच्या घरामागं वीज पडली. ती शाळेत होती. घरी आली तर खोलीत जळका वास. बुवा खाटेवर बसलेले, डाव्या हातानं टेबलाकडं दाखवताहेत. संगणक जळाला. पाठांची जादा प्रत असलेली डिस्क त्यालाच जोडलेली होती. तीही जळाली.

काय झालं असेल त्या बाईचं? चार वर्षं. आणि बाप समोर बसलाय, ज्याच्या तोंडून आता एक शब्द परत येणार नाही. तिनं निजामला फोन लावला. म्हणाली, वीज पडली, सगळं जळालं. संपलं रे. भानुदासचा पत्ता नाही, आणि बाकी कुणाकडेच पुरतं नाही.

निजाम म्हणाला, ताई, थांबा. फोन ठेवू नका. मला ऐकू द्या.

त्याचा संगणक यादी वाचत होता. धुळे एकाहत्तर. अकोला एकोणसत्तर. अलिबाग त्र्याहत्तर. दोन मिनिटं गेली. धुळे बहात्तर. अकोला एकाहत्तर.

देणारा जळून गेला आणि आकडा चढतोय! का? अहो, धुळ्याकडे जे तुकडे होते ते अकोल्याकडे नव्हते. अकोल्याकडे होते ते अलिबागला नव्हते. ती सात आंधळी माणसं सात गावांतून एकमेकांना देत होती. रत्नप्रभा बुवांच्या खाटेवर बसून फोनवर आकडे ऐकत राहिली. ऐंशी. पंच्याऐंशी. दुसरा दिवस उजाडला, ब्याण्णव. तिनं शाळेत रजा टाकली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

आणि अठ्ठ्याण्णववर सातही थांबले. सगळ्यांचा आकडा तोच. कुणाकडे एक दाणा जास्त नाही. म्हणजे जे उरलं होतं ते या सातांपैकी कुणाकडेच नव्हतं.

काय गेलं ते निजामनं शोधलं. बासष्ट पाठ धड होते. एक्केचाळिसावा फाटका होता. मध्यमापासून वर सूर कसा लावायचा, त्याचा पाठ. पेटीच्या आत सुराची पितळेची पट्टी असते, ती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, एवढं कुणीही सांगेल. किती घासायचं आणि कधी थांबायचं, ते बुवांना ठाऊक. निजामनं तो पाठ लावला. बुवांचा आवाज आला, "आता कानस टोकावर ठेवायची, आणि इथं घाई केली तर..." पुढं शांतता. साडेसात मिनिटं शांतता. मग एकदम, "झाली पेटी."

ती साडेसात मिनिटं पुण्यात होती. भानुदासच्या बंद संगणकात.

निजामनं फोन केले, भानुदास उचलेना. धुळ्याहून केले, अलिबागहून केले. शेवटी रत्नप्रभानं केला, तिचा त्यानं उचलला. तिनं वीज पडल्याचं सांगितलं. म्हणाली, तुझा संगणक एक दिवस चालू ठेव, बस्स. तो म्हणाला,

"ताई, सूर लावणं आठांत मलाच नीट येतं. पुण्यात लोक मला त्यासाठी ओळखतात. सगळ्यांना आलं, तर मी कोण?"

त्याला एकदम वाईट म्हणू नका, मंडळी. त्याचं बोलणं खरं होतं, आणि खरं बोलायलाही धीर लागतो. हेच आपण रोज मनात म्हणतो, फक्त मोठ्यानं म्हणत नाही.

रत्नप्रभानं वाद घातला नाही. खोलीत बुवांची जुनी पेटी होती. तिनं ती वडिलांच्या पुढ्यात ठेवली, फोन जवळ ठेवला आणि म्हणाली, आबा, भानुदास आहे. बुवांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला. भाता ओढायला दुसरा हात नव्हता, तो तिनं ओढला. बुवांनी एकच सूर धरला. बराच वेळ धरला.

भानुदास म्हणाला, "गंधार उतरलाय."

"माहीत आहे."

"लावून का नाही घेतला?"

ती म्हणाली, "कोण लावणार?"

पलीकडून फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठ्याण्णव. सातही जणांनी संगणक चालू ठेवले होते. कुणी काम करेना, दुकानं उघडून नुसते बसलेले. अकोल्याच्या शिष्यानं विचारलं, किती दिवस ठेवायचं? निजाम म्हणाला, मी तर ठेवणार. दुपार झाली. निजाम जेवायला बसला होता, पहिला घास तोंडाशी. मागं संगणक बोलला, पुणे शंभर.

मग, लातूर नव्व्याण्णव.

घास ताटात पडला. पंधरा मिनिटांत सातही शंभरावर. धुळ्याचा रडत होता म्हणतात, अलिबागचा नुसताच हसत होता. निजामनं बार्शीला फोन लावला आणि तो फोन संगणकाशी धरला. बुवा खाटेवर उठून बसले. एक्केचाळिसावा पाठ सुरू झाला. ते स्वतःचाच आवाज ऐकत होते, आणि रत्नप्रभा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आता कानस टोकावर ठेवायची, आणि इथं घाई केली तर पितळ गेलं. घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून मी सांगतो तसं करा. आधी घासू नका. सूर वाजवून नख टोकाला टेकवा, किती घासायचं ते सूरच सांगतो. ही युक्ती माझी नाही हो. भानुदास म्हणून माझा एक विद्यार्थी आहे, त्यानं ही शोधली. मी चाळीस वर्षं पेट्या लावल्या, मला सुचली नव्हती. त्याला मी हे तोंडावर कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं. ज्यांना ज्यांना हा पाठ मिळेल, त्यांनी त्याचं नाव घेऊनच कानस उचला."

निजामनं पाठ थांबवला. पुण्याला फोन लावला. विचारलं, भानुदास, एक्केचाळिसावा ऐकलास का?

तो म्हणाला, नाही. मला येतं ते कशाला ऐकू? निजाम म्हणाला, त्यातली ती साडेसात मिनिटं आत्ता ऐक. मी फोन धरून ठेवतो.

साडेसात मिनिटं निजामनं फोन धरून ठेवला. पलीकडे बुवांचा आवाज चालू होता. आवाज थांबला आणि भानुदास फोनवर आला. एवढंच म्हणाला, "मी उद्या सकाळच्या गाडीनं बार्शीला येतो. गंधार लावायचाय. आणि संगणक चालूच ठेवून येतो."

मंडळी, बघा. त्यानं जे कुलपात घातलं, त्यात दुसऱ्यांची विद्या होतीच, पण त्याचं स्वतःचं नावही होतं. ज्या शाबासकीसाठी तो आयुष्यभर झुरला, ती त्याच्याच संगणकात, त्यानंच बंद करून ठेवली होती. दार उघडलं नसतं तर ती त्यालाही कळली नसती.

आता तुमच्याकडे वळतो. वळायलाच पाहिजे, नाहीतर मी कशाला उभा राहिलो? तुमच्यापैकी कुणाकडे आईच्या हातच्या लोणच्याचं प्रमाण आहे. कुणाकडे गावच्या विहिरीचा झरा कुठून येतो ते ठाऊक आहे. कुणाला एखादं औषधी झाड ओळखता येतं, कुणाला एखादी चाल येते जी आता दुसऱ्या कुणाला येत नाही. तुम्हालाही ते कुणीतरी दिलंच ना? तुमचे शंभर टक्के झाले. छान झालं. मग यादीतून नाव का काढून घेतलंत?

कुठंतरी कुणीतरी अठ्ठ्याण्णववर थांबलाय. तो तुम्हाला फोन करणार नाही, कारण उरलेलं तुमच्याकडे आहे हे त्याला माहीतच नाही. तुम्हाला माहीत आहे. आज घरी गेल्यावर कडी काढा. बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल.