धरायचं कुठे

मुलगा : मग उठून दाखव.

आई : तू काय पाहुणा आहेस, तू आलास म्हणून मी उठून उभी राहू?

मुलगा : आई, सकाळपासून या खुर्चीत आहेस. चहा तसाच, जेवण तसंच, पाण्याला हात लावलेला नाहीस. हिने ऑफिसात फोन केला म्हणून कळलं तरी. पडलीस ना?

आई : तुझ्या बायकोला दुसरं काम नाही.

मुलगा : पाणी का नाही प्यायलीस?

आई : प्यायलं की जावं लागतं.

मुलगा : म्हणजे उठताच येत नाहीये. कधी पडलीस?

आई : पहाटे. तुम्ही उठायच्या आत.

मुलगा : कशीबशी खुर्चीत चढलीस आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप. धन्य आहे तुझी.

आई : सांगून काय मिळतं ते पाहिलंय मी.

मुलगा : काय मिळतं? दवाखाना, औषधं, सगळं वेळच्या वेळी. तळहातावरच्या फोडासारखं जपलंय तुला.

आई : फोडासारखंच. स्वयंपाकघरात घसरले, तुला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला बाई हजर. मला ओट्यापाशी उभं राहायची बंदी. मग बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत माझं शिवणाचं मशीन पुतणीकडे पोचलं. त्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवून तुला शिकवलंय मी. विचारलंस तरी का मला?

मुलगा : हाडं ठिसूळ झालीत तुझी. मी नाही म्हणत, रिपोर्ट म्हणतोय.

आई : रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा मीही तिथेच बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध घ्या, जपून राहा आणि रोज चालणं-फिरणं ठेवा, बसून राहिलात तर पायातलं बळ जाईल. तुला त्यातलं ‘जपून’ तेवढं ऐकू आलं.

मुलगा : बाथरूमचं दार मी फोडलं होतं, आई. तू आत फरशीवर पडलेली, कडी आतून. दारावर खांदा मारताना वाटत होतं, आत तू संपलेली असणार. अजून घरून फोन आला की आधी तेच दार दिसतं मला.

आई : फोडलंस ते बरंच केलंस. पण नवं दार बसवलंस, त्याला कडी का नाही?

मुलगा : परत तसंच झालं असतं तर?

आई : बाहेरून उघडता येईल असं लॅच मिळतं. सुतार तुला सांगत होता, मी कानांनी ऐकलंय. तू म्हणालास, नकोच ती भानगड. तेव्हापासून मी दाराकडे डोळे लावून अंघोळ करते. त्या दिवशी तुझा मित्र हात धुवायला म्हणून सरळ आत शिरला. मरणाची लाज वाटली रे मला.

मुलगा : हे कधी बोलली नाहीस.

आई : तू विचारलंस कधी? येता-जाता ‘गोळी घेतलीस का’, संपलं.

मुलगा : पण पहाटे उठलीस कशाला?

आई : चालायला. भिंत धरून खिडकीपर्यंत जायचं, परत पलंगापर्यंत यायचं. रोज चालते. स्वतःच्या घरात चोरासारखी. आज पाय वळला.

मुलगा : हिला हाक मारायचीस.

आई : हाक मारली असती तर संध्याकाळपर्यंत तू उशाशी एक बाई आणून बसवली असतीस. मग तिने पलंगावरून पाय खाली टाकू दिला असता?

(मुलगा खुर्चीपाशी जमिनीवर बसतो.)

मुलगा : ऑफिसातून निघतानाच ॲम्ब्युलन्स बोलावलीय. येईलच एवढ्यात. ती माणसं तुला उचलतील. कुठे दुखतंय ते सांग. कुठे धरायचं नाही, ते त्यांना सांगावं लागेल.

आई : आधी तू सांग. या वेळी काय काढून घेणार?

मुलगा : काही नाही घेणार, आई.

आई : हं. उरलंय तरी काय. डावा खुबा आहे. तिकडून धरू नका म्हणावं.