अमीरच्या डोक्यावरची टोपी

हॅलो?… हो, मीच, केल्लू. बोल यागाना… काय?… अगं, आधी श्वास तर घे… फन्नाला परीक्षेला बसवायचं नाही? कोण म्हणतं?… कचल्ला? तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पोरगी सहा वर्षं शाळेत जात होती तेव्हा झोपला होतास का?

हो, हो… अमीरचा व्हिडिओ पाहिला मी. सकाळपासून अकरा जणांनी पाठवलाय. तू तर दोनदा पाठवलास!… अगं ऐक ना. तो बंडखोरांचा म्होरक्या जंगलात बसून बोंबलतो, आणि त्याच्या धमक्या घरोघर पोचवतं कोण? आपणच! माझी सख्खी बहीण त्याचा फुकट पोस्टमन झालीये… मग चिडू नको तर काय करू?

नको, परत वाचून दाखवू नकोस. 'सोमवारी परीक्षेला बसणारी प्रत्येक मुलगी…' पाठ झालंय मला. गेल्या रमजानात बाजार जाळीन म्हणाला होता. बंद पडला बाजार? तू स्वतः जाऊन कांदे आणलेस! लष्कराने तर त्याला चारदा मारला, रेडिओवर सांगून मारला. दर वेळी दाढीला मेंदी लावून हा पुन्हा हजर… हसू नकोस, मी हसवायला बोलत नाहीये.

नाही गं, काही करणार नाही असं कुठे म्हणतेय मी? करेलही, मेला. म्हणून तर शाळेच्या फाटकावर सैनिक बसवलेत… आणि फन्ना काय म्हणते ते विचारलंस?… बघ. पुस्तक घेऊनच बसलीये ना कोपऱ्यात?…

काय? काय म्हणालीस?… 'तुला मूल नाही, तुला काय कळणार'?…

…आहे मी. ऐकतेय… राहू दे, माफी नको. आता गप्प बस आणि ऐक.

तो व्हिडिओ मी सात वेळा पाहिला. आवाज बंद करून. त्याच्या डोक्याकडे बघत… टोपी, यागाना! त्याची टोपी माझ्या हातची आहे… असतील गं आपल्या बोर्नो राज्यात हजारो भरतकामाच्या टोप्या, पण आपला टाका आपल्याला कळतो. उजव्या कानावरचं शेवटचं पान निळं आहे. सगळी हिरवी, ते एकच निळं. हिरवा दोरा संपला होता, दुसऱ्या दिवशी ईद, दुकानं बंद. माझा मोदू म्हणाला, असू दे, धोब्याकडे अदलाबदल तरी होणार नाही… हो. तीच. सुकी मासळी आणायला तळ्याकाठच्या बागा गावाला गेला तो परतलाच नाही, तेव्हा तीच होती डोक्यावर.

…नाही, विकली नसेल. दोन वर्षं मीही स्वतःला असलं काहीबाही सांगत आलेय. अंघोळीला जाताना माझ्या हातात देऊन जायचा तो ती टोपी. जमिनीवर ठेवायचा नाही.

म्हणून त्या माणसाची भीती मला घालू नकोस. चोर आहे तो! माझ्या नवऱ्याला मारून त्याची टोपी घालतो, आणि वर आपल्या पोरींना दम देतो, भिकारडा!… रडू नकोस. तू रडलीस तर मीही रडेन, आणि सासूबाई बाहेर अंगणातच बाजरी निवडतायत.

नाही! त्यांना सांगायचं नाही. कुणालाच नाही, कचल्लालाही नाही… का म्हणजे? कळलं की आजच मला विधवेच्या सुतकात, इद्दतीत बसवतील. चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. कधी गेला ते माहीत नसलं की कळलेल्या दिवसापासून मोजतात आपल्याकडे. मग फन्नाला शाळेत कोण नेणार? तू? का तुझा तो शूर नवरा?… बसणार गं, नीट बसणार आहे मी. माझा नवरा होता तो, मला नाही का रडायचं? पण पेपर गुरुवारी संपतात.

सोमवारी सातला रिक्षा घेऊन येते. पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभी राहीन, रोज… आणि तो व्हिडिओ पुसून टाक. मी नाही पुसणार. मला तेवढीच उरलीये त्याची खूण…

थांब, सासूबाई विचारतायत… काही नाही हो, यागानाचा फोन आहे… नाही, मोदूची अजून काही खबर नाही…

ऐकलंस ना, यागाना? गुरुवारपर्यंत मोदू जिवंत आहे. ठेवते.