खालची टाकी

टाकीवाला : …म्हणजे कुणीतरी धुतलीय. साधीसुधी नाही ताई, घासून धुतलीय. हे बघा, काचेच्या सांध्यातसुद्धा काही उरलेलं नाही. माझ्या दुकानात कोरी टाकी येते ना, तीसुद्धा इतकी स्वच्छ नसते.

मुलगी : हळू बोला जरा. बाळ आत्ता कुठे झोपलंय. आणि बाबा स्वयंपाकघरात चहा टाकतायत, त्यांना ऐकू जाईल.

टाकीवाला : काकूंनी तर धुतलेली नसणार.

मुलगी : आईला जाऊन चार महिने झाले.

टाकीवाला : ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतोय. वरच्या टाकीत काकूंचं रोज काही ना काही चालू असायचं. पण ह्या खालच्या कपाटातल्या टाकीला सहा वर्षांत त्यांनी बोट लावलं नाही.

मुलगी : माशाचं सांगा ना. पोट असं खपाटीला का गेलंय? गेल्या महिन्यात मी आले तेव्हा इतकं नव्हतं. बाबा फोनवर म्हणत होते, ती खात नाही. मला वाटलं, त्यांना स्वतःलाच जेवण जात नाही, म्हणून मासाही तसाच दिसत असेल.

टाकीवाला : ही मँडरिन. अंगावर एवढी नक्षी असलेला दुसरा मासा नाही आणि एवढा नखरेलही नाही. काकू हिला बाईसाहेब म्हणायच्या ते उगाच नाही. डब्यातले दाणे नकोत, गोठवलेलं खाणं नको. दगडावर चालणारे जिवंत किडे हवेत, तिळाहून बारीक. ते दिवसभर एकेक टिपत हिंडायचं. रोज शेकड्यांनी लागतात. वरच्या टाकीत ते टिकत नाहीत, बाकीचे मासे फस्त करतात. ते वाढतात इथे, खाली.

मुलगी : रिफ्युजियम. आई म्हणायची. मला वाटायचं, गाळणीचाच काहीतरी प्रकार असेल.

टाकीवाला : गाळणी ती मागची. हे वेगळं. इथे चार बोटं चिखल होता, दगडाचे तुकडे होते, आणि शेवाळाचा हिरवा गुंता, भांडी घासायच्या तारेसारखा. मासा एकही नाही. त्यामुळे किडे निवांत वाढायचे. पंप पाण्याबरोबर त्यातले थोडे वर ढकलायचा, की बाईसाहेबांचं ताट वाढलेलं. आता बघा, पांढरीशुभ्र वाळू आहे, आणि… हे काय?

मुलगी : प्लॅस्टिकचं झाड.

टाकीवाला : प्लॅस्टिकचं.

मुलगी : मला माहीत होतं. बाबांनी टाकी धुतल्यावर फोटो पाठवला होता मला. दिवा लावून काढलेला, चांगला चकचकीत. माझ्या एका हातात बाळ होतं. मी दुसऱ्या हातानं अंगठा पाठवला. खाली 'मस्त' असंही लिहिलं.

टाकीवाला : तुम्हाला काय कल्पना असणार.

मुलगी : आईनं मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. ऐका, बाबांना ह्यातलं काही सांगू नका. मासा म्हातारा झाला म्हणू, किंवा वीज गेली होती म्हणू.

टाकीवाला : ताई, मला थापा मारता येत नाहीत. माझ्या तोंडावर दिसतं सगळं. म्हणून तर गिऱ्हाईक टिकत नाही.

मुलगी : मग तुम्ही गप्प बसा. मी बोलते.

बाबा : कोण गप्प बसतंय? घ्या, चहा घ्या. साखरेचा अंदाज मला अजून आलेला नाही. कमी वाटली तर सांगा, जास्त वाटली तर पिऊन टाका. हं, काय म्हणतात बाईसाहेब?

मुलगी : वय झालंय म्हणतात हो तिचं.

बाबा : आणून चारच वर्षं झाली. तुझी आई म्हणायची, नीट ठेवली तर दहा वर्षं जगते.

मुलगी : आणि मध्ये कधी वीज गेली असेल, खालचा दिवा बंद पडला असेल…

बाबा : दिवा एक दिवस चुकलेला नाही. मी समोर खुर्ची टाकून बसतो. तू ह्यांना बोलू दे ना. तुम्ही सांगा हो. मी इस्पितळात बत्तीस वर्षं काढलीत. वाईट बातमी द्यायची असली की आधी पेशंटचं वय काढतात, एवढं कळतं मला.

टाकीवाला : काका, खाली तुम्ही नेमकं काय काय केलंत, ते सांगाल का?

बाबा : सांगतो की. ती गेली, त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी हे कपाट उघडलं. आत चिखल, शेवाळ, कुबट वास. म्हटलं, आजारपणात तिच्याच्यानं झालं नसेल. ती मला नेहमी बोलायची, इस्पितळातल्या कात्र्या-चिमटे लखलखीत करता आणि घरातली कपबशी विसळत नाही. खरंच होतं ते. आठ तास तेच करून आल्यावर घरात माझा हात चालायचा नाही. म्हटलं, निदान हे एक काम तिचं करू. आणि करायचं तर आपल्या पद्धतीनं करू.

मुलगी : बाबा, चहा निवतोय तुमचा.

बाबा : निवू दे. टाकी रिकामी करून मोरीत नेली. चिखल काढून टाकला. काच व्हिनेगरनं पुसली, मग नळाखाली तीनदा धुतली. दगड मोठ्या पातेल्यात उकळले, वीस मिनिटं. पाण्याला उकळी फुटल्यावर घड्याळ लावायचं, त्याआधी नाही. आमच्या निर्जंतुकीकरणाच्या खात्याचा नियमच होता.

टाकीवाला : उकळले.

बाबा : पुरती वीस मिनिटं. मग नवी वाळू घातली, मीठ मोजून पाणी भरलं, दगड होते तसे लावले. जुना गुंता सडल्यासारखा वाटला म्हणून झाड नवं आणलं. म्हणजे टाकी आहे, दगड आहेत, दिवा आहे, पाणी वर जातंय. काय राहिलं? मग हे रिफ्युजियम का नाही, ते मला सांगा.

टाकीवाला : सगळेच हे विचारतात काका. टाकी केवढी हवी, दिवा कुठला, शेवाळ कुठलं. काकूंचं पहिलं रिफ्युजियम म्हणजे एक बरणी होती, वरच्या टाकीच्या मागे तारेनं अडकवलेली. हे कपाट नंतर झालं. बरणीत काय होतं? मूठभर चिखल. पण त्यात मासा शिरत नव्हता आणि कुणी ढवळत नव्हतं. ज्याला सगळे खातात, त्याला जिथे कुणी खात नाही, हलवत नाही, ती जागा म्हणजे रिफ्युजियम. बाकी सगळं नुसतं सामान.

बाबा : आणि मी हलवलं.

मुलगी : तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा.

बाबा : त्या चिखलात जिवंत होतं का काही?

मुलगी : ते कशाला विचारताय आता?

बाबा : मी ह्यांना विचारतोय.

टाकीवाला : होतं काका. लाखांनी.

बाबा : वीस मिनिटांत काही उरत नाही. मलाच विचारा, त्याचाच तर पगार घेत होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एका ट्रेमध्येही कधी काही सापडलं नाही. निरोपसमारंभात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं तसं. तुझी आई पुढच्या रांगेत बसली होती.

मुलगी : बाबा.

बाबा : जेवताना सांगायची ती. आज चिखलात पांढरं काहीतरी दिसलं, आज गुंत्यात अमुक हललं. मी भाजी वाढून घेत 'हं' म्हणायचो. पुढे विचारायचं डोक्यातच आलं नाही. बरं, आता मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल तो चिखल आणतो. सहा महिने लागू देत, वर्ष लागू दे. माझ्याकडे वेळच वेळ आहे.

टाकीवाला : तुमच्याकडे आहे. तिच्याकडे नाही. आठवडा, फार तर दहा दिवस.

मुलगी : ते किडे बाटलीत विकत मिळतात ना? मी वाचलं कुठेतरी.

टाकीवाला : मिळतात. एक बाटली एका दुपारी संपेल. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक टाकी आहे, तिच्या खालचं रिफ्युजियम पाच वर्षं मुरलेलं आहे. तिथे मी हिला नेतो. पण आधीच सांगतो, नेतानाही दगावू शकते. अर्धीच आशा धरा.

बाबा : ती इथून जाणार नाही.

मुलगी : बाबा, ऐका ना.

बाबा : तू ऐक. बाकीचे मासे माझ्या हातचे दाणे खातात. पहिले चार दिवस बिचकले, मग यायला लागले. म्हणजे ते आता माझे झाले. ही एक माझ्या हातचं खात नाही. घरात तिची म्हणून हीच उरलीय. ही पिशवीत घालून न्यायची म्हणता?

मुलगी : नाहीतर काय करायचं? समोर खुर्ची टाकून बघत बसायचं? रोज थोडी थोडी कमी होताना? आईच्या वेळी बसलात तसे. मला माहितीय तुम्ही कसे बसला होतात. परत नको, बाबा. मला इतक्या लांब राहून परत ते फोन घ्यायला नकोत.

टाकीवाला : काका, एक सांगू? माझ्या मागच्या टाकीतला चिखल काकूंचा आहे. पाच वर्षांपूर्वी डब्यातून घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, विकत कशाला घेता, माझ्याकडे उतू चाललाय. त्याचंच सगळं वाढलंय.

बाबा : कसला डबा?

टाकीवाला : स्टीलचा. वरचं झाकण जरा चेपलेलं.

बाबा : माझा जेवणाचा डबा तो. कुठेतरी हरवला म्हणाली होती. मी आठवडाभर धुसफुसत होतो.

टाकीवाला : अजून आहे दुकानात. परत द्यायचं राहूनच गेलं.

बाबा : राहू दे. घेऊन जा हिला. जाळी लावू नका, नक्षी खरवडेल.

(टाकीवाला पारदर्शक डबा पाण्यात धरून मासा हलकेच आत घेतो.)

टाकीवाला : वरून काहीतरी टाका, ताई. अंधार असला की शांत राहते.

मुलगी : हे बाळाचं दुपटं घ्या. धुतलेलं आहे.

टाकीवाला : पुढच्या रविवारी मूठभर चिखल घेऊन येतो, काका. आणि खरं शेवाळ. तोवर ती वाळू आणि ते झाड काढून ठेवा.

बाबा : आणि त्यानंतर मी काय करायचं?

टाकीवाला : काही नाही. वरचं पाणी उतरलं की भर घालायची. खाली घाण दिसेल, वास येईल, तरी हात घालायचा नाही.

बाबा : जमेल. ह्या घरात एवढी वर्षं मी कशातच हात घातला नाही.

टाकीवाला : तसं नाही हो. काकू करायच्या तसं करा. दार उघडून तास तास नुसत्या बघत बसायच्या. मी कधी आलो तर मलाही शेजारी बसवायच्या. चला, निघतो. पोचलो की फोन करतो.

बाबा : सावकाश जा. खड्ड्यांतून जरा सांभाळून.

मुलगी : बाबा, आत चला. झाकते मी कपाट.

बाबा : थांब. असू दे उघडं. काय गं, तास तास काय बघायची ती इथे?

मुलगी : माहीत नाही, बाबा. आपल्याला नाही माहीत.