जांभळीला जागा

सोजरबाई : आधी पानी पी. धापा टाकत आलीस जिना चढून. मंजूर म्हंजी समदं मंजूर? का निस्तं बघू, करू?

गौतमी : सगळं मंजूर, आत्या. पुढच्या वर्षी नगरपालिकेनं आधी कुठली कामं धरायची ते आज ठरलं, आन् आपलं काम एक नंबरला. दवाखान्यामागची ती बाभळी माजलेली जागा झाडांना दिली. ज्याला शेत नाही त्यानं आपल्या माणसाची राख तिथं आणायची, खड्ड्यात घालायची, वर रोप लावायचं. झाड त्या माणसाच्या नावाचं. पाणी नगरपालिका घालणार.

सोजरबाई : म्हंजी नदीत सोडायला नगं.

गौतमी : कशाला नदीत? शेतकरी आता राख स्वतःच्या रानात घालतात, वर आंबा लावतात. मी तेच म्हणाले सभेत, ज्याला बांधच नाही त्यानं कुठं लावायचा आंबा? तशी टेबलं वाजवली लोकांनी. मी लगेच सही ठोकली बघा.

सोजरबाई : आन् गाळं? तिथं दुकानांचं गाळं काढायचं म्हनत व्हता त्यो दत्ता.

गौतमी : तोच तर अनुमोदक झाला. मी सूचक, तो अनुमोदक. तुमच्या लेकाला, विनोदला, रांजणगावला फोन लावला तर हा मशीनवर, सेकंड शिफ्ट. मेसेज टाकला. त्यानं नुसते टाळ्यांचे हात पाठवलेत, हे बघा, अख्खी रांग.

सोजरबाई : मला काय दावतीस, चष्मा तिकडं ग्यासपाशी हाय. अगं गौतमे, कवाधरनं ह्या रंगाच्या डब्यात ठिवलंय म्या ह्यास्नी. मुळ्या बुडातनं भायेर आल्यात, हात लावून बघ.

गौतमी : आता डबा फोडायचा. परवा खड्डे काढायला माणसं येणार.

सोजरबाई : लोकं हसायची मला. सोजरबाई डब्यात जांभूळ लावती म्हनं, जांभळं कवा यायची? म्या काय सांगू त्यास्नी? आनसाबाईनं सोता बांधावर जागा दिल्याली. म्हनली, म्हस्कू जल्मभर आमच्या ह्या बांधावर राबला, हितंच ऱ्हाऊ दे. जलदानाच्या दिशी जांभूळ लावली आपुन, खाली त्यांची राख. आन् वरीस सरलं न्हाई तर तिच्याच पोरानं, दत्तानं, रान प्लॉटिंगला इकलं. जेसीबीवाला मला म्हनतो, मावशी हटो. दोन्ही हातानं मातीसकट उपसून आनलं म्या, पदरात.

गौतमी : मी होते की दारात. तुमचा पदर बघितला आन् त्याच दिवशी ठरवलं, इलेक्शनला उभं राहायचं.

सोजरबाई : तर. विन्या म्हनत व्हता, आपल्याला कोन इचारतंय. इचारलं का न्हाई? पयला खड्डा आपला, सांगून ठेवते. मागनं कुनी आलं तरी पयला आपला.

गौतमी : आपलाच. कुणाची हिंमत आहे.

सोजरबाई : आन् दुसरा अनिताचा. हाक मार तिला. बिहारला न्यायला जमंना म्हनून बिचारीनं मालकाची राख थैलीत घालून लिंबाला बांधलीया. रोज ड्युटीला जाताना थैलीला हात लावून जाती. मारू का हाक? अनिता, ए अनिता...

गौतमी : आत्या, नको. थांबा जरा.

सोजरबाई : का गं?

गौतमी : तिला आत्ताच नका सांगू. दत्ता उगीच नाही आला माझ्या बाजूला. एक अट घातली त्यानं. इथल्या मतदारयादीत ज्याचं नाव होतं, त्याचंच झाड लावायचं. म्हणाला, नाहीतर एमआयडीसीचं अख्खं पब्लिक येईल, जागा पुरायची नाही.

सोजरबाई : आन् तू हा म्हनलीस.

गौतमी : म्हणाले. पाच हात इकडं, पाच तिकडं असं चाललेलं. मला वाटलं, आधी जागा तर पदरात पडू दे. पुढच्या वर्षी अट काढता येईल.

सोजरबाई : म्हंजी अनिताच्या मालकाला न्हाई. बरं. आन् गौतमे, तुझ्या सासऱ्याचं मत कुठं व्हतं?

गौतमी : मामांचं? मामांचं म्हणजे...

सोजरबाई : बोल की.

गौतमी : निमोण्याला.

सोजरबाई : निमोण्याला. हितं एवढी वर्सं काढली, पर मताला टोपी घालून निमोण्याची यष्टी धरायचं. विन्यानं किती डाव सांगितलं, आबा, नाव हिकडं घ्या. काय म्हनायचं?

गौतमी : नाव गावाला असू दे. नायतर गाव इसरंल मला.

सोजरबाई : घ्या. गाव इसरलं न्हाई, सूनच इसरली.

गौतमी : आत्या, असं नका बोलू. डोकंच चाललं नाही माझं. त्यानं अट सांगितली, मला फक्त ती जागा दिसत होती. दिवसभर पेढे खाल्ले मी त्या लोकांचे. आता काय करू? थांबा, उद्या अकराला तहकूब सभा आहे, तिथं ठराव वाचून कायम करतात. मी सकाळीच मुख्याधिकारी साहेबांना भेटते. म्हणते, मी सूचक आहे, माझ्या सासऱ्यांपुरतं एक नाव...

सोजरबाई : खबरदार. आपल्यापुरतं करायला उभी ऱ्हायली व्हतीस का? आपली जांभूळ लावू आन् हिची थैली लिंबालाच? रोज सकाळी एका नळावर पानी भरतो आमी दोघी. काय तोंड दावू तिला?

गौतमी : मग अट काढायलाच पाहिजे. आन् ती दत्तानंच दुरुस्ती मांडली तर निघंल, मी मांडली तर परत मतदान. पडलं म्हणजे? जागाच जाईल, आत्या. गाळेच होतील तिथं.

सोजरबाई : फोन लाव.

गौतमी : दत्ताला? तो माझं ऐकायचा नाही.

सोजरबाई : दत्ताला कोन म्हनलं? आनसाबाईला लाव. आन् ते मोठ्यांदा येतं बघ, तसं कर.

आनसाबाई : कोन बोलतंय?

सोजरबाई : म्या सोजरा.

आनसाबाई : सोजरा व्हय. अगं तुझ्या सुनंचं आत्ताच सांगत व्हता दत्ता. चांगलं काम केलं बाई पोरीनं. माझ्या जिवाला लागलं व्हतं त्या बांधाचं.

सोजरबाई : आनसाबाई, एक इचारू का? तुमचं मत कुठं हाय?

आनसाबाई : मत? दौंडाला, थोरल्याच्यात. मताच्या दिशी दादा येतो गाडी घिऊन, नातवंडं भेटत्यात. का गं?

सोजरबाई : मग त्या झाडांत तुमास्नी जागा न्हाई.

आनसाबाई : कुनी सांगितलं?

सोजरबाई : तुमच्याच दत्तानं. हितल्या यादीत नाव आसंल त्याचंच झाड, आशी अट घातलीया त्यानं. माझं मानूस बी भायेर आन् तुमी बी.

आनसाबाई : थांब. थांब जरा. दत्ता, हिकडं बघ. ताट ऱ्हाऊ दे. मी मेल्यावर मला कुठं घालनार हायस? ... माझं ध्यान ठिकान्यावरच हाय, तू सांग. रान तू इकलं. तुझ्या बापाच्या राखंवरचा आंबा त्या रानात गेला. तवा काय म्हनलास, आई, तुझ्यासाठी चांगली जागा बघू. आन् आता नगरपालिकेच्या जाग्यात बी मला बंदी? ... यादीचं मला सांगू नगंस. ... मग पुलावरनं टाकनार का? ... आसं? मग बदल की. तूच घातली ना अट, तूच काढ.

गौतमी : आत्या, तो काय म्हणतोय?

सोजरबाई : गप, आयकू दे.

आनसाबाई : सोजरा, हाईस का? म्हनतोय, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. उद्या दुरुस्ती मांडतो. काय रं? हां. जो कुनी हितं राहिला, त्याचं झाड हितं. आसं लिवतो.

गौतमी : मावशी, भाडेकरू पण धरायचे का, विचारा.

आनसाबाई : दत्ता, भाडेकरू बी का? ... मान हालवतोय, तोंडात घास हाय. तोंडानं म्हन. ... व्हय म्हनला गं पोरी. आता फिरला तर घरात बोलनार न्हाई मी त्याच्यासंगं.

गौतमी : मावशी, तुमचे उपकार झाले बघा.

आनसाबाई : उपकार कशाचं, मला माझी जागा धरायचीया. म्हस्कूच्या शेजारचा खड्डा माझ्या आंब्याला ठेव.

सोजरबाई : आमच्या शेजारी? तुमी?

आनसाबाई : मग कुनाच्या? जल्मभर त्यो पाटाचं पानी धरायचा आन् माझ्या डोक्यावर न्याहारी. तिथं बी आळ्या निराळ्या करनार हाय का तुझी सून?

सोजरबाई : न्हाई, न्हाई. ठेवते की तुमचा. पर यायची घाई करू नगा.

आनसाबाई : आंबा आत्ताच लावते. मी मागनं येते. ठेव आता, त्याचं ताट गार व्हतंय.

गौतमी : आत्या, तुम्हीच सभेला चला उद्या. खरंच. मी नुसती बाकावर बसते.

सोजरबाई : चल, मस्करी करू नगंस. उद्या कागद नीट वाचून मगच सही कर. आन् जा, अनिताला सांग, थैली उतरवायची हाय म्हनावं. रडली तर जरा बस तिच्यापाशी.

(गौतमी शेजारच्या खोलीकडं जाते. सोजरबाई तांब्यातलं पाणी डब्यात ओतते.)

सोजरबाई : अवं, आयकलंसा न्हवं? परवा जायचंय. आनसाबाईचा आंबा शेजारी यायचाय, पान्यावरनं भांडू नगा. आन् मुळ्या सोडा आता खुशाल, तिथनं कुनी उठवायचं न्हाई तुमास्नी.