लपलेला रकाना

पंचशीला: ही लाल चांदणी मघाशी अर्जात नव्हती. आता चौथ्या रकान्यापाशी आलीय. मोहरीएवढी.

लुंबिनी: यायलाच पाहिजे, आत्या. तू 'विधवा' निवडलंस ना? मग 'पुन्हा लग्न करायचंय का' हा रकाना उघडतो, अन् भरावाच लागतो. अविवाहितांना तो दिसतच नाही.

पंचशीला: मी काय लग्नाला उभी हाय? वधू-वर मेळावा भरवणारी बाई मी. अर्ज चालतो का बघायला माझं नाव टाकून राहिले.

लुंबिनी: मग टाक. हो किंवा नाही.

पंचशीला: 'बघू' कुठंय?

लुंबिनी: तूच काढायला लावलंस. 'बघू लिहिणारे समोरच्याचं वर्ष खातात,' म्हणालीस.

पंचशीला: ते दुसऱ्यांसाठी गं!

लुंबिनी: मारोती सरांनी तुला लग्नाचं विचारून दोन वर्षं झाली. येत्या सोमवारी चालले ते लेकाकडं पुण्याला, कायमचे.

पंचशीला: सरांचं नाव काढू नको. थांब, 'अविवाहित' करते. हं, गेला रकाना. आता पाठवते... हलंना. परत दाबलं. काय गं, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं हेच शिकलीस?

लुंबिनी: अरेच्चा, माझीच चूक. रकाना लपवला, पण त्याची सक्ती काढायची राहिली. आतून तो अजून उत्तर मागून राहिला.

पंचशीला: दिसंना, तरी अडवतो?

लुंबिनी: हाव. कोडमध्ये जावास्क्रिप्टची एक ओळ लागते. लपला की सक्ती बंद... झालं. दाब आता.

पंचशीला: 'अर्ज मिळाला.'

लुंबिनी: अभिनंदन! अविवाहित पंचशीला, वय बावन्न, राहणार लोहा. सुटलीस.



पंचशीला: खोटाय हा अर्ज. पूस.

लुंबिनी: तपासणीचाच होता की.

पंचशीला: पूस म्हणते ना. अन् नवा उघड.

लुंबिनी: उघडला. 'विधवा' केलं, रकाना आला. मी तिकडं तोंड करते, तू भर.

पंचशीला: अर्जात काय भरायचं! फोन दे इकडं.

लुंबिनी: कुणाला लावून राहिलीस?

पंचशीला: गप. हॅलो, सर? जयभीम. पंचशीला बोलते. सोमवारी जाऊ नका... न्हाई, मेळाव्याचं काम न्हाई. माझ्यासाठी थांबा.