माउसला कुंकू

हसू नका, पण खंडेनवमीला विळा-खुरपं पुजलं, तसं शीतलच्या माउसलाही मी कुंकू लावलं. लेकीचं हत्यार तेच की! त्याच दिवशी तिची नोकरीची मुलाखत, तीही कॉम्प्युटरवर. आमच्या गाईंच्या दुधाचा आलेख दाखवायचा होता. ठिपक्यावर बाण नेला की गाईचं नाव अन् दूध दिसायचं. पण बाण जागेवर थांबंना. चंद्रीवर नेला की गंगीवर पळायचा.

शीतलनं माउस उलटा करून पाहिला अन् रडवेली झाली. "आई, खालच्या दिव्यावर कुंकू फासलंस व्हय?"

"मग? तितंच त्याचं कपाळ!" मी कॅमेऱ्यासमोर जाऊन मुलाखत घेणाऱ्या सायबांना म्हणाले, "सायेब, पोरीचं काम चोख हाय. माउसची पूजा झालीय."

सायेब हसले. "मावशी, मीही घरूनच बोलतोय. आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटरही आज हार घालून बंद आहेत."

"मग माझ्याच पोरीला सणाचं का जुंपलं?"

सायबांनी हात जोडले. "चुकलं. सण झाला की तिला कामावर पाठवा."